सुपरमॅन पाहताना नजर कुठे ठेवावी

सुपरमॅनचा चित्रपट पाहायला बसणाऱ्याची पहिली अडचण अशी असते की, ज्याला गोळी लागत नाही, जो कोसळते हेलिकॉप्टर एका हातावर झेलतो आणि ज्याला भिंतीपलीकडचे दिसते, त्याची काळजी आपण का करावी हेच त्याला उमगत नाही. नायक वाचेल की नाही या शंकेने प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो, आणि इथे तर ती शंकाच नसते. तरीही १९३८ साली कागदावर जन्मलेले हे पात्र १९४१ साली पडद्यावर आले ते पुन्हा पुन्हा येतच राहिले, आणि जवळजवळ प्रत्येक पिढीला स्वतःचा असा एक सुपरमॅन मिळाला. हे टिकून राहणे समजून घ्यायचे असेल तर मिळेल तो चित्रपट मिळेल त्या क्रमाने पाहून भागत नाही, पाहताना नजर कुठे ठेवायची हे आधी ठरवावे लागते. माझे मत असे की, ती त्याच्या ताकदीवर ठेवू नये. तो ती ताकद कुठे आवरतो, कुठे लपवतो आणि कुठे ती त्याच्या काहीच उपयोगी पडत नाही, या जागा शोधाव्यात.

पाहण्याआधी मूळ कथा थोडी ठाऊक असलेली बरी. क्लीव्हलँड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी हे पात्र घडवले. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले होते. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात त्यांची कथा छापली गेली आणि पात्राचे सारे हक्क त्यांनी १३० डॉलरला प्रकाशकाला देऊन टाकले. त्या पहिल्या कथेत परग्रहावरचा शत्रू नाही की वेडा शास्त्रज्ञ नाही. त्यात सुपरमॅन मृत्युदंडाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या निरपराध स्त्रीला वाचवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि लाचखोर राजकारण्याच्या मागावर निघतो. ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही अशांच्या बाजूने उभे राहणे हे या पात्राचे पहिले काम होते, आणि पुढच्या कोणत्याही रूपाला पारखताना हीच कसोटी हाताशी ठेवावी. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत या दोघांची नावेही आवर्जून शोधावीत. ती नावे तिथे सहजासहजी आलेली नाहीत. कित्येक वर्षांच्या भांडणानंतर १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांना श्रेय परत मिळाले, आणि १९७८ च्या चित्रपटात ते दिसते.

सुरुवात कुठून करावी

निर्मितीच्या क्रमाने, म्हणजे सर्वांत जुन्यापासून पुढे, असे पाहू नये. सुरुवात रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि डिसेंबर १९७८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘सुपरमॅन’पासून करावी, कारण त्याच्या आधीचे सारे त्यात येऊन मिळते आणि त्याच्या नंतरचे प्रत्येक रूप एकतर त्याच्या मागून जाते किंवा त्याच्याशी वाद घालते. या चित्रपटाची पहिली दोन मिनिटे चुकवू नयेत. पडदा उघडतो, कृष्णधवल छोट्या चौकटीत एक लहान मूल १९३८ सालच्या कॉमिकची पाने उलटते आणि मग तीच चौकट रुंद होत जाऊन जॉन विल्यम्स यांच्या धूनीबरोबर अक्षरे अंतराळातून झेपावत येऊ लागतात. पुढच्या गोष्टीकडे मुलाच्या डोळ्यांनी पाहा, पण तिला पोरखेळ समजू नका, असे दिग्दर्शकाने प्रेक्षकाला इथेच सांगून टाकले आहे.

त्यानंतर घड्याळाकडेही थोडे लक्ष असू द्यावे. मोठा झालेला नायक पोशाखात पहिल्यांदा दिसेपर्यंत सुमारे पाऊण तास जातो. आधी त्याच्या जन्मग्रहाचा, क्रिप्टॉनचा अंत, मग तो पृथ्वीवर जिथे वाढतो ते स्मॉलव्हिलचे शेत, मग बर्फातला एकांत. आजच्या प्रेक्षकाला ही गती संथ वाटेल, परंतु ती सहन करावी, कारण या पाऊण तासात त्याच्या दोन वडिलांची गोष्ट सांगून होते. जन्मदाता आपल्या ग्रहासह नष्ट होतो. वाढवणारा जोनाथन केंट शेतावरच हृदयविकाराच्या झटक्याने कोसळतो आणि त्याच्या दफनाच्या वेळी मुलगा आईला म्हणतो की, एवढ्या शक्ती अंगात असूनही मी त्यांना वाचवू शकलो नाही. हे वाक्य मनात ठेवून पुढचा सारा चित्रपट पाहावा. विमाने आणि रेल्वेगाड्या झेलणारा हा माणूस, जे झेलता येत नाही ते आधीच पाहून बसला आहे.

क्लार्ककडे पाहावे

सुपरमॅनच्या पोशाखात कोण शोभतो यावर पुष्कळ चर्चा होते, पण खरी परीक्षा चष्म्यातल्या क्लार्क केंटची, म्हणजे तो ज्या साध्या बातमीदाराच्या रूपात लोकांत वावरतो त्या रूपाची असते. ख्रिस्तोफर रीव्ह हा तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला रंगभूमीवरचा नट होता आणि श्रेयनामावलीत त्याच्या आधी मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन यांची नावे होती. त्याने क्लार्कसाठी कॅरी ग्रांटच्या एका जुन्या विनोदी भूमिकेचा आधार घेतला आणि एकाच चित्रपटात दोन वेगळी माणसे उभी केली. क्लार्कचा भांग एका बाजूला असतो, सुपरमॅनचा दुसऱ्या. क्लार्कचा आवाज वरच्या पट्टीत अडखळतो, खांदे पुढे झुकलेले असतात, पाठीला किंचित पोक असतो, आणि चष्मा नाकावर सारखा सारण्याची सवय असते.

या चित्रपटातला एक प्रसंग तरी थांबवून, मागे नेऊन, निदान तीन वेळा पाहावा. सुपरमॅन क्लार्कची सहकारी बातमीदार लोइस लेन हिला शहरावरून उडवून आणतो, तिला गच्चीवर सोडून निघून जातो, आणि क्षणभराने दारावर क्लार्क येऊन उभा राहतो, कारण त्या संध्याकाळी दोघांचे बाहेर जायचे ठरलेले असते. लोइस अजून त्या उड्डाणाच्या धुंदीतच आहे. ती तयार होण्यासाठी आत जाते आणि तो बैठकीच्या खोलीत एकटा उरतो. पहिल्यांदा पाहताना केवळ हात पाहावेत: तो चष्मा काढतो. दुसऱ्यांदा पाठीचा कणा पाहावा: पोक नाहीसा होतो, छाती रुंदावते, उंची वाढल्यासारखी भासते, आणि तेच सैलसर कपडे अंगावर असूनही खोलीत वेगळाच माणूस उभा राहतो. तिसऱ्यांदा डोळे मिटून आवाज ऐकावा: तिला सत्य सांगायला सुरुवात करणारा आवाज खोल आणि शांत आहे, आणि ती परत येताच धीर खचून तो पुन्हा वर चढतो, अडखळतो. या साऱ्या बदलात एकही युक्तीदृश्य (स्पेशल इफेक्ट) नाही. पन्नास टनांचे वजन उचलताना न डगमगणारा माणूस एका वाक्यासाठी कच खातो, आणि त्या क्षणी त्याची काळजी का करावी हा आपला पहिला प्रश्न आपोआप सुटतो.

याच नजरेने इतरांचे क्लार्कही तपासावेत. १९५२ ते १९५८ या काळात चाललेल्या आणि १०४ भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेतला जॉर्ज रीव्ह्ज हा क्लार्क म्हणून मुळीच भित्रा नाही. तो स्थिर, चाणाक्ष बातमीदार आहे आणि सुपरमॅनपेक्षा तोच अधिक वेळ पडद्यावर असतो. आडनावांच्या साम्यामुळे रीव्ह्ज आणि रीव्ह यांची गल्लत होते, ती टाळावी. १९९३ ते १९९७ च्या ‘लोइस अँड क्लार्क’ मालिकेत डीन केनचा क्लार्क हाच खरा माणूस आहे आणि सुपरमॅन हा त्याने घातलेला वेश आहे. कोणता मुखवटा आणि कोणता चेहरा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीने वेगळे दिले आहे. वही घेऊन बसणाऱ्याने प्रत्येक रूपासमोर हे एकच उत्तर टिपावे. बाकीचे टिपण नसले तरी चालेल.

उड्डाण कसे घडले तेही पाहावे

१९७८ चा चित्रपट मनात मुरल्यावर १९४१ कडे मागे जावे. फ्लायशर स्टुडिओने त्या वर्षी सुपरमॅनचे रंगीत ॲनिमेशन लघुपट सुरू केले. १९४३ पर्यंत असे सतरा लघुपट निघाले, त्यांपैकी पहिले नऊ फ्लायशर यांचे आणि उरलेले त्यांच्या जागी आलेल्या फेमस स्टुडिओचे. पहिल्या लघुपटाला सुमारे ५० हजार डॉलर खर्च आला, आणि दहा मिनिटांच्या कार्टूनसाठी त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. प्रत्येक लघुपट आठ ते दहा मिनिटांचा असल्याने एका बैठकीत चारपाच सहज पाहून होतात. अमेरिकेत ते आता सार्वजनिक मालकीचे झाले आहेत, म्हणून मिळवणेही कठीण नाही.

इथे पाहण्याची गोष्ट म्हणजे उडी आणि उड्डाण यांतला फरक. पहिल्या कॉमिकमधला सुपरमॅन उडत नव्हता. तो मैलाच्या आठव्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुमारे दोनशे मीटरची उडी मारत असे. या लघुपटांच्या सुरुवातीच्या निवेदनातही उंच इमारती एका झेपेत ओलांडणारा असेच त्याचे वर्णन येते, पण चित्रे पाहत गेले की ती झेप हळूहळू हवेत तरंगू लागलेली दिसते. पुढे कॉमिकमध्येही रुळलेल्या उड्डाणाला या लघुपटांनी मोठा हातभार लावला. पहिल्याच लघुपटात शत्रूच्या यंत्रातून सुटलेल्या किरणांच्या झोताला तो उलट्या दिशेने ठोसे मारत पुढे सरकतो, आणि तेव्हा त्याच्या शरीराला वजन आहे, श्रम पडत आहेत, हे जाणवते. नंतरच्या कित्येक महागड्या चित्रपटांना हे वजन साधलेले नाही.

उड्डाणाचा पुढचा इतिहास थोडक्यात पाहिला तरी पुरतो. १९४८ च्या पंधरा भागांच्या चित्रपट-मालिकेत कर्क अ‍ॅलिन झेप घेऊ लागला की त्याच्या जागी रेखाटलेली आकृती येते. जॉर्ज रीव्ह्ज स्प्रिंगबोर्डवरून खिडकीबाहेर उडी घेत असे. त्याचे सुरुवातीचे भाग कृष्णधवल असल्याने पोशाखही तपकिरी आणि करड्या रंगांचा शिवला होता, कारण कृष्णधवल चित्रीकरणात त्या छटा अधिक उठून दिसत. १९७८ मध्ये नटाला टांगणाऱ्या तारांच्या जोडीला झोरान पेरिसिक यांनी एक नवी पद्धत वापरली. नटाच्या मागची दृश्ये दाखवणारा प्रक्षेपक आणि कॅमेरा या दोन्हींच्या झूम भिंगांची गती एकमेकांशी जुळवली, त्यामुळे नट जागीच असूनही तो दूर जातो किंवा जवळ येतो असा भास निर्माण झाला. परंतु यंत्राने अर्धेच काम केले. उरलेले अर्धे नटाने केले, आणि रीव्ह स्वतः विमान चालवत असे हे इथे लक्षात घ्यावे. वळण घेण्याआधी त्याचे खांदे आणि हात कसे कलतात आणि नजर आधीच वळणाच्या पलीकडे कशी गेलेली असते, ते पाहावे. आज तारा संगणकाने पुसता येतात, पण नटाच्या डोळ्यांत दिशा नसेल तर उड्डाण खरे वाटत नाही.

एकाच प्रसंगाची दोन रूपे शेजारी ठेवावीत

सुपरमॅनचे आकर्षण का टिकते याचे सर्वांत चांगले उत्तर तुलनेतून मिळते, आणि तुलना संपूर्ण चित्रपटांची करण्यापेक्षा एकेका प्रसंगाची करावी. पहिली जोडी वडिलांच्या मृत्यूची. १९७८ मधला मृत्यू वर सांगितलाच आहे. झॅक स्नायडर यांच्या २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये जोनाथन केंट चक्रीवादळात सापडतो, हेन्री कॅव्हिलचा क्लार्क त्याला सहज वाचवू शकतो, परंतु मुलाचे रहस्य जगासमोर येऊ नये म्हणून बापच हात वर करून त्याला थांबवतो. एका चित्रपटात शक्ती निरुपयोगी ठरते आणि दुसऱ्यात ती वापरू दिली जात नाही. पहिल्यातून नम्रता येते, दुसऱ्यातून ओझे येते, आणि पुढचा प्रत्येक चित्रपट आपापल्या सुरुवातीशी प्रामाणिक राहतो. मला पहिली मांडणी अधिक खोल वाटते, कारण मृत्यूपुढे कोणाचेच काही चालत नाही हा अनुभव प्रत्येक प्रेक्षकाचा असतो. तरीही दुसऱ्या प्रसंगातली त्या हाताची खूण विसरता येत नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी जोडी मुलाखतीची. १९७८ मध्ये लोइस गच्चीवर सुपरमॅनची मुलाखत घेते, त्याची उंची किती, वेग किती, आरपार दिसते ते कसे असे विचारते, आणि त्या प्रश्नांमधून हळूहळू प्रेम उमलते. जेम्स गन यांच्या २०२५ च्या ‘सुपरमॅन’मध्ये रेचल ब्रॉस्नहनची लोइस डेव्हिड कोरेन्स्वेटच्या सुपरमॅनला घरातच समोर बसवते आणि दोन देशांमधल्या युद्धात तू कोणाला विचारून पडलास, हे पत्रकाराच्या कठोरपणे विचारते. दोघांचे प्रेम आधीपासून आहे, आणि तरी मुलाखत भांडणावर येते. हे दोन्ही प्रसंग लागोपाठ पाहिले की मधल्या सत्तेचाळीस वर्षांत जगाने बलवान माणसाला विचारायचे प्रश्न किती बदलले ते दिसते. २०२५ मधला सुपरमॅन चिडतो, आवाज चढवतो, लोक मरत होते एवढेच त्याला सांगता येते. आणि ते उत्तर अपुरे असूनही खरे आहे. १९३८ च्या त्या पहिल्या कथेतला सुपरमॅनही हेच बोलला असता.

तिसरी जोडी मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून तिच्यावर अधिक वेळ घालवण्याची शिफारस करावीशी वाटते. १९७८ मध्ये हेलिकॉप्टर झेलण्याच्या त्याच रात्री सुपरमॅन चोर पकडतो, राष्ट्राध्यक्षांचे विमान सुखरूप उतरवतो आणि एका लहान मुलीचे मांजर झाडावरून काढूनही देतो. मांजर तिच्या हाती देताना त्याच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नाही की आपण क्षुल्लक काम करत आहोत असा भाव नाही. २०२५ च्या चित्रपटात महाकाय प्राण्याशी झुंज चालू असताना तो एक खार उचलून सुरक्षित जागी ठेवतो. अनेकांना ही दृश्ये केवळ गंमत म्हणून आठवतात. पण संकट मोठे की लहान हे न पाहता समोरच्याकडे पूर्ण लक्ष देणे हीच या पात्राची ओळख आहे, आणि ज्या रूपांत असा एकही क्षण नाही ती रूपे कितीही भव्य असली तरी मनात राहत नाहीत. एखादे नवे रूप पाहताना खात्री करून घ्यायची असेल तर एवढेच शोधावे: यात मांजर कुठे आहे?

काय सोडावे, काय सोडू नये

१९८० चा ‘सुपरमॅन २’ सोडू नये. लोइससोबत साधे आयुष्य जगता यावे म्हणून तो आपल्या शक्तींचा त्याग करतो, रस्त्याकडेच्या खाणावळीत एका उर्मट ग्राहकाचा मार खातो आणि स्वतःचेच रक्त पाहून थक्क होतो. या प्रसंगासाठी तो चित्रपट पाहावाच. डॉनर यांना मधेच बाजूला करून तो रिचर्ड लेस्टर यांच्याकडून पूर्ण करून घेतला गेला. डॉनर यांच्या मूळ कल्पनेच्या जवळ जाणारी आवृत्ती २००६ मध्ये निघाली, आणि ज्यांना दिग्दर्शनाची आवड आहे त्यांनी दोन्ही पाहाव्यात. १९८३ च्या तिसऱ्या भागातला, भंगारखान्यात क्लार्क आणि बिघडलेला सुपरमॅन एकमेकांशी लढतात तो प्रसंग तेवढा पाहावा. १९८७ चा चौथा भाग आखडलेल्या पैशांत झाला आणि त्यात उड्डाणाचे तेच दृश्य पुन्हा पुन्हा वापरलेले दिसते. तो शेवटी, वेळ उरला तर पाहावा.

लांबच्या मालिकांपैकी २००१ ते २०११ अशी दहा वर्षे चाललेल्या ‘स्मॉलव्हिल’कडे वेगळ्या दृष्टीने पाहावे. तिच्या निर्मात्यांनी पोशाख नाही आणि उड्डाण नाही, असा नियम घालून घेतला होता, आणि एवढे सारे काढून घेतल्यावरही पात्र दहा वर्षे तग धरते, यातच त्याच्या बळाचा पुरावा आहे. २००३ मधल्या एका भागात ख्रिस्तोफर रीव्ह स्वतः येतो. १९९५ च्या अपघातानंतर त्याचे शरीर मानेखाली हलत नव्हते, तो खुर्चीत बसून तरुण क्लार्कला त्याच्या मूळ ग्रहाबद्दल सांगतो, आणि विल्यम्स यांच्या धूनीचा एक अंश मागे वाजतो. आधी १९७८ चा चित्रपट पाहिलेला असेल तरच हा भाग पाहावा.

धूनीचा माग हाही पाहण्याचा एक स्वतंत्र मार्ग आहे. २००६ च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’ने ती जशीच्या तशी आदराने घेतली, २०१३ मध्ये हान्स झिमर यांनी ती बाजूला ठेवून पियानोच्या मोजक्या सुरांवर स्वतःचे संगीत उभारले, आणि २०२५ मध्ये ती गिटारच्या आवाजात परतली. तिन्ही चित्रपटांतले पहिले उड्डाण एकदा पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावे.

आणि प्रत्येक वेळी, तो आकाशात दिसतो त्या क्षणी, त्याच्याकडे न पाहता खाली उभ्या असलेल्या लोकांकडे पाहावे. १९७८ च्या हेलिकॉप्टरच्या प्रसंगात रस्त्यावरची गर्दी वर बघत असते, लोइसची टोपी खाली पडलेली असते, क्लार्क ती उचलतो आणि वर पाहतो. गर्दीतल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर भीती आहे. एकट्या त्याच्या चेहऱ्यावर निर्णय आहे, आणि अजून त्याच्या डोळ्यांवर चष्मा आहे.